पंचांचा सरपंच की गावाचा सरपंच?



न्हावऱ्याहून केडगावकडे निघालेल्या गाडीत परवा दोन म्हातारबांची चांगलीच जुंपली. एक घोडनदीकडचे, म्हणजे शिरूर तालुक्यातले. दुसरे दौंडकडचे. मध्ये भीमा नदी. पूल ओलांडला की तालुका बदलतो. पण भांडणाचा विषय दोन्ही काठांना सारखाच होता.

शिरूरकर म्हणत होते, "सरपंच गावानंच निवडावा. समद्या गावाची मतं घेतो, मंग समद्या गावाला जाब देतो."

दौंडकर मान हलवीत म्हणाले, "आन् सदस्य दुसऱ्या पार्टीचे आले म्हंजी? पाच वर्सं निस्ती उखाळीपाखाळी. त्यापरीस पंचांनीच आपल्यातला एक निवडावा. निदान कामं तरी व्हत्याल."

पारगाव आले, मी उतरलो. गाडी पुढे गेली तरी त्या दोघांचे चालूच असावे. मंडळी, हे भांडण त्या दोघांचेच नाही. आपल्या राज्याच्या सरकारांनीही गेल्या काही वर्षांत या प्रश्नावर तीन वेळा कूस बदलली आहे. म्हणून म्हटले, आज हीच गोष्ट तुमच्यापुढे नीट मांडावी. गावाचा कारभारी थोड्या जणांनी निवडावा की सगळ्यांनी?

आधी एक घरातली हकिकत सांगतो. फार वर्षांपूर्वीची आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण असे गाव तुमच्याही पंचक्रोशीत सापडेल.

आमच्या शेजारी एक तात्या होते. स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणूनच लोकांनी त्यांना आग्रहाने ग्रामपंचायतीला उभे केले आणि निवडूनही दिले. पंचायत नऊ जणांची. निकाल लागला तेव्हा चार सदस्य एका पार्टीचे, चार दुसऱ्या पार्टीचे आणि नववे आमचे तात्या! त्या काळी सरपंच सदस्यांनी आपल्यातून निवडायचा होता. म्हणजे पाच मते ज्याच्याकडे, तो सरपंच. आणि पाचवे मत तात्यांच्या खिशात.

तिसऱ्या रात्री तात्यांच्या दारात जीप येऊन थांबली. "चला, जरा देवदर्शनाला जाऊन येऊ." तात्या अंगावरच्या कपड्यांनिशी गेले. दिवस थंडीचे होते. शेतात गहू, हरभरा उभा. नेमकी त्याच आठवड्यात कालव्याची पाळी आली, तीही रात्रीची. काकूंनी धाकट्या पोराच्या हातात कंदील दिला आणि दोन रात्री स्वतः दारे धरली. नवरा कुठे आहे, ते तिला कुणी सांगेना. ज्याला विचारावे तो म्हणे, "खुशाल आहेत, काळजी करू नका."

नवव्या दिवशी तात्या आले. डोक्यावर गुलाल, हातात जरीकाठी पातळ. काकूंनी पातळ घेतले, घडी न मोडता फडताळात ठेवले आणि एवढेच म्हणाल्या, "आळीतल्या लोकांनी तुमास्नी मत दिलं, ते जिपीत बसून जायला दिलं व्हतं का?"

तात्या काही बोलले नाहीत. पुढच्या निवडणुकीला ते उभेही राहिले नाहीत.

मंडळी, तात्या लबाड नव्हते. मी त्यांना चाळीस वर्षे ओळखत होतो. पण अख्ख्या गावाचा निर्णय एका माणसाच्या मतावर येऊन ठेपला, की त्या माणसाला रात्री घरात झोपू देत नाहीत. गावातल्या हजार मतदारांना जीपमध्ये घालून नेता येत नाही. पाच जणांना नेता येते. थोड्या जणांच्या हाती निवड देण्यात हा पहिला धोका आहे, आणि तो गावापासून मोठ्या सत्तेपर्यंत सगळीकडे सारखाच आहे.

आता कायद्याचे बघू. आपल्याकडे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आहे. त्यानुसार लोकसंख्येप्रमाणे पंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात. वॉर्डावॉर्डांतून लोकांनी सदस्य निवडायचे आणि सदस्यांनी आपल्यातला सरपंच निवडायचा, अशी पद्धत जवळजवळ साठ वर्षे चालली. २०१७ साली देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने कायदा बदलला. सरपंच थेट गावाने निवडावा, असे ठरले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा मतदाराने सदस्यांसाठी आणि सरपंचासाठी वेगवेगळे मत दिले. १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असण्याची अटही त्या वेळी आली.

२०२० साली उद्धव ठाकरे यांच्या सरकारने हा बदल मागे घेतला. कारण दिले ते आमच्या दौंडकर म्हातारबांचेच. सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचे, असे झाले की कामे अडतात. त्यामुळे जानेवारी २०२१ मध्ये राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्यांत सरपंच पुन्हा सदस्यांनी निवडले. मग २०२२ च्या जुलैत एकनाथ शिंदे यांच्या सरकारने पुन्हा थेट निवड आणली. गावाला सरपंच आणि शहराला नगराध्यक्ष, दोन्ही थेट. म्हणजे तुमच्या गावात पाच-सात वर्षांच्या अंतराने दोन्ही तऱ्हांचे सरपंच होऊन गेले असतील. कोणता कारभार बरा झाला, ते तुम्हीच आठवून बघा.

दौंडकरांचे म्हणणे खोटे होते का? मुळीच नाही. सरपंचाला एकट्याने गाव चालवता येत नाही. खर्चाला पंचायतीच्या बैठकीत मंजुरी लागते. सदस्यांचे बहुमत विरुद्ध असले की ठराव होत नाहीत, ठराव नाही तर काम नाही. सरपंच म्हणतो, "मला गावाने निवडले." सदस्य म्हणतात, "आम्हाला कुणी निवडले मग?" दोघेही खरे बोलतात आणि गटाराचे पाणी मात्र रस्त्यावरून वाहत राहते. त्यात २०१५ पासून केंद्राच्या वित्त आयोगाचा मोठा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला. पूर्वी सरपंचपद मानाचे होते, आता ते पैशाच्या व्यवहाराचेही झाले. म्हणून भांडणाला धारही चढली.

पण त्याच दुसऱ्या पद्धतीची दुसरी बाजूही २०२१ ने दाखवली. नाशिक जिल्ह्यातले देवळा तालुक्यातले उमराणे, कांद्याच्या बाजाराचे नावाजलेले गाव. आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी. या दोन गावांत पदांचा लिलाव झाल्याचे पुढे आले आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. लिलाव कसा करतात, ते तुम्हाला बाजारात रोज दिसते. फरक एवढाच, की तिथे विकणाऱ्याचा माल स्वतःचा असतो. इथे विकले गेले ते गावातल्या प्रत्येक आयाबायांचे आणि पोरासोरांचे मत. ते विकण्याचा अधिकार पारावर बसलेल्या मंडळींना कुणी दिला होता?

"बिनविरोध" हा शब्द आपल्याला फार गोड लागतो. गाव खरोखर एक विचाराने बसले, सगळ्या आळ्या, सगळ्या वस्त्या आणि बाया तिथे होत्या, आणि मग एक नाव ठरले, तर त्याहून चांगले काही नाही. पण दहा पुढाऱ्यांनी रात्री ठरवले आणि सकाळी गावाने ऐकले, तर तो बिनविरोध नव्हे. विरोध करायची जागाच तिथे ठेवलेली नसते.

आता जरा लांबचे उदाहरण सांगतो. चीनच्या दक्षिण किनाऱ्याला हाँगकाँग नावाचे मोठे शहर आहे. लोकवस्ती सुमारे पंचाहत्तर लाख. १९९७ साली इंग्रजांनी ते चीनच्या हवाली केले. तिथल्या प्रमुख कारभाऱ्याची निवड सगळे लोक करीत नाहीत. एक निवड समिती करते. पहिल्या वेळी समितीत ४०० जण होते, मग ८००, २०१२ साली १,२०० आणि २०२१ च्या बदलानंतर १,५००. समितीत व्यापारी, कारखानदार, वकील, डॉक्टर अशा धंद्यांच्या जागा वाटून दिलेल्या. तुम्हाला नवल वाटेल, १,२०० च्या समितीत शेती आणि मासेमारीच्या वाट्याला ६० जागा होत्या. शेत औषधाला सापडायचे नाही असे ते शहर! पण जागा कुणाला किती द्यायच्या, हे ज्याच्या हाती, त्याला मत कुठे वळेल तेही आधी ठरवता येते.

२०१२ साली तिथे ल्युंग च्युन-यिंग नावाचे गृहस्थ ६८९ मते घेऊन निवडून आले. लोकांनी त्यांचे नावच पाडले, "सहाशे एकोणनव्वद". पंचाहत्तर लाखांच्या शहराला उठता-बसता आठवण करून द्यायला तो आकडा पुरेसा होता. २०१४ साली लोकांना थेट मत देण्याची भाषा झाली, पण उमेदवार दोन-तीनच आणि ते समितीनेच ठरवून द्यायचे, अशी अट. तरुण पोरे छत्र्या घेऊन अडीच महिने रस्त्यावर बसली. ती योजना पुढच्या वर्षी तिथल्या सभागृहात पडली आणि जुनी समिती कायम राहिली. २०२२ मध्ये एकच उमेदवार होता, जॉन ली. त्यांना १,४१६ मते बाजूने पडली आणि ८ विरुद्ध.

एवढ्या लांबचे आपल्याला काय, असे म्हणू नका. समितीने निवडणे आपल्याही घरात आहे. फक्त आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही. आपल्या जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्य निवडतात, पंचायत समितीचा सभापतीही. १ मे १९६२ पासून ही पद्धत आहे. जिल्हा बँकेचे बघा. पुण्याची जिल्हा मध्यवर्ती बँक १९१७ सालची. पीककर्ज आपल्याला सोसायटीमार्फत तिथूनच मिळते. पण बँकेवर तालुक्याचा संचालक निवडताना कर्जदार शेतकरी मत देत नाही. प्रत्येक विकास सोसायटी एका माणसाच्या नावाने ठराव करते आणि तो ठराववाला मत देतो. एक सोसायटी, एक मत. निवडणूक जवळ आली की ठराव कुणाच्या नावे करायचा, यावरून भाऊबंद एकमेकांच्या उरावर बसतात, ते उगीच नव्हे.

आणि आता बाजार समिती. शिरूरची असो वा दौंडची, तुमचा कांदा, ज्वारी, बाजरी जिथे विकली जाते तिथला कारभार तिच्याकडे. वजनकाटा, हमाली, शेड, पट्टी वेळेवर मिळते की नाही, या सगळ्यांशी तिचा संबंध. समितीत १८ संचालक. त्यांत ११ जण निवडतात सोसायट्यांचे संचालक, ४ जण निवडतात ग्रामपंचायतींचे सदस्य, २ व्यापारी-अडत्यांचे आणि १ हमाल-मापाड्यांचा. हे १८ जण मिळून सभापती निवडतात. समजा, तुमच्या गावात आठशे खातेदार आहेत. सोसायटीचे संचालक तेरा, ग्रामपंचायतीचे सदस्य नऊ. म्हणजे फार तर बावीस मते. बाकीचे पावणेआठशे माल घेऊन जातील, पण मत द्यायला जाणार नाहीत.

ही पद्धत बदलण्याचाही प्रयत्न झाला. २०१७ साली दहा गुंठ्यांहून कमी नाही अशी जमीन असलेल्या आणि बाजारात माल विकणाऱ्या शेतकऱ्याला थेट मत दिले गेले. सोलापूर आणि बार्शीला २०१८ मध्ये तशा निवडणुका झाल्याही. मतदार लाखाच्या घरात गेले, खर्च समित्यांना पेलेना, अशी ओरड झाली. २०२० मध्ये तो अधिकार गेला. पुढे शेतकऱ्याला उमेदवार म्हणून उभे राहण्याची वाट मोकळी झाली, पण २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्यातल्या बऱ्याच बाजार समित्यांच्या निवडणुका झाल्या तेव्हा मत सोसायटीच्या संचालकांकडे आणि ग्रामपंचायत सदस्यांकडेच होते. उभे राहा म्हणतात, पण स्वतःला मत देता येत नाही, अशी गंमत.

तेव्हा मंडळी, हाँगकाँगला हसण्यात अर्थ नाही. मात्र आपल्यात आणि त्यांच्यात एक मोठा फरक आहे. त्यांच्या समितीतले बहुतेक लोक कुठल्या तरी धंद्याच्या, संस्थेच्या नावाने येतात. सामान्य माणसाचा तिथे हात पोचत नाही. आपल्या बावीस जणांना आपणच निवडून दिलेले असते. सोसायटीची निवडणूक आपल्याच गावात होते. ग्रामपंचायतीची आपल्याच शाळेत होते. म्हणजे समितीची किल्ली आपल्या कनवटीला आहे. ती आपण वापरत नाही, एवढेच.

मला विचाराल तर माझे मत शिरूरकरांच्या बाजूला जाते. गावाचा सरपंच गावाने निवडावा. पाच जणांची सहल निघते तेव्हा गाव मागे राहते, हे मी शेजारच्या घरात पाहिले आहे. पण थेट मत दिले की आपले काम संपले, असे समजलात तर दौंडकर खरे ठरतील. सरपंच आणि सदस्य भांडायला लागले तर त्यांना समोरासमोर बसवायची एकच जागा कायद्याने दिली आहे, ती म्हणजे ग्रामसभा.

थेट निवडलेल्या सरपंचाला काढणेही सोपे ठेवलेले नाही. पहिली दोन वर्षे आणि शेवटचे सहा महिने त्याच्यावर अविश्वास आणता येत नाही. आणला तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात. आणि तेवढ्यानेही भागत नाही. प्रकरण ग्रामसभेपुढे जाते आणि तिथे गाव गुप्त मतदानाने निकाल देते. ज्यांनी बसवले त्यांनीच उठवायचे. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. कारण नऊ-दहा जणांना जीपमध्ये बसवून सरपंच पाडायचा, ही वाट तिने बंद केली.

पण त्या ग्रामसभेला आपण जातो का? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा शाळकरी पोरालाही पाठ आहेत. झेंड्याला जातो, पेढा खातो आणि सभा सुरू झाली की धुरा-बांध आठवतो. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी पुरतात. हजार-दोन हजारांच्या गावात शंभर माणसे जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेत मग ठरावीक दहा-पंधरा जण हवे ते ठराव करतात. म्हणजे आपण घरी बसून आपल्याच हाताने छोटी समिती तयार करतो!

आयाबायांनो, तुम्हाला वेगळे सांगतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. पंचायतीत निम्म्या जागा २०११ पासून तुमच्या आहेत. तुमच्या गावात बाई सरपंच असेल आणि सही मात्र मालक कुठे करायची ते सांगत असतील, तर तिथे गाव, पंच आणि समिती सगळे बाजूला राहून एकच माणूस सरपंच निवडून बसलेला आहे. त्या बाईला सभेत बोलायला लावणे हे तुमच्याच हाती आहे. पहिला प्रश्न तुम्ही तिला विचारा. उत्तर तिनेच द्यावे म्हणून थांबा.

जाता जाता चार कामे सांगतो. सोसायटीच्या मतदार यादीत आपले नाव आहे का, ते निवडणूक लागायच्या आधी सचिवाकडे जाऊन बघा. वडील वारले असतील आणि सभासदत्व अजून त्यांच्याच नावे असेल, तर वारसनोंदीचा अर्ज द्या; मेलेल्या माणसाला मत नसते. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते, तिला जा आणि अहवाल मागून घ्या. आणि जिल्हा बँकेचा ठराव कुणाच्या नावे होणार, बाजार समितीला आपले संचालक कुणाला मत देणार, हे त्यांना चारचौघांत विचारा. मत गुप्त असते, ते खरे. पण कांद्याच्या वजनकाट्याबद्दल आणि पट्टीबद्दल उमेदवाराकडून काय कबूल करून घेतले, हे सांगायला कायद्याची आडकाठी नाही.

तात्या आता नाहीत. काकू आहेत. ऐंशी पार केली, कमरेत वाकल्या. गेल्या पंधरा ऑगस्टला मी गावी होतो. सभा सुरू झाली तेव्हा माणसे मोजली, ती नव्वदच्या आसपास भरली. सरपंच घड्याळ बघू लागले. तेवढ्यात काकू काठी टेकीत आल्या, मागे आळीतल्या पंधरा-वीस बाया. काकू पुढे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मोजा आता परत."

सभा झाली. नळाच्या पाण्याचा विषय निघाला, थोडी भांडाभांडीही झाली. पण ती सगळ्यांसमोर झाली.

बराय तर मंडळी. पुढच्या आठवड्यात भेटू.